धाब्यावरची माती

सगळे बंगला म्हणायचे, पण वरून ते धाबंच होतं. म्हणजे मातीचं सपाट छत. एरंडोलपासून दोन कोस आत, चिंचेच्या झाडांत ते घर. खाली कमरेपर्यंत काळा दगड, वर मातीच्या भिंती आन चुना. भिंती एवढ्या रुंद की खिडकीत माझ्या दोन्ही पोरी आडव्या झोपायच्या. मधल्या दिवाणखान्यात सागाचे बारा खांब, सातपुड्यातून बैलगाड्यांवर आणलेले. खांबांवर तुळया, तुळयांवर सरे, म्हणजे बारीक वासे, सऱ्यांवर काड्या, काड्यांवर निंबाचा पाला आन सगळ्यात वर माती. हे मला कोणी बसून शिकवलं नाही. लग्न करून आले त्याच वर्षी अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाल्यावर मला डोक्यावर पाटी देऊन छतावर चढवलं, तेव्हा कळलं.

घर एका जमीनदाराचं. त्यांच्या आज्यानं दुष्काळात बांधून घेतलं, ज्वारीवर. पैसा नाही, दिवसभर राबायचं आन संध्याकाळी पदरात ज्वारी घ्यायची. आमच्या सासऱ्यांची आजी त्या भिंतींची माती तुडवायला होती. तुडवता तुडवता बाळंत झाली, तिसऱ्या दिवशी परत चिखलात उतरली. पोर काही वाचलं नाही. लोक बंगला बघायला यायचे तर खांबावरचे मोर बघायचे. मी झाडू मारताना भिंतच बघायची.

जमीनदाराची माणसं शहरात गेली. राखण आमच्या सासऱ्यांकडे आली, त्यांच्यामागे माझ्या घरवाल्यांकडे. मागं घोड्यांची पागा होती, तिच्यातली एक खोली आम्हाला. सासू, आम्ही दोघं, दोन पोरी.

दरवर्षी पावसाच्या आधी धाब्यावर खारी माती टाकावी लागते. ती पाणी पिऊन घट्ट बसते, आत थेंब येऊ देत नाही. पण सासऱ्यांचा, म्हणजे आबांचा, नेम असा की आधी पावड्यानं जुनी माती खरडून खाली टाकायची, मंग नवी चढवायची. हातानं वीत मोजायचे. "ईतभर माती, जास्ती नही," म्हणायचे, "घरनी मान मोडाले नको." तो नेम ते होते तोवर कोणी मोडला नाही.

गावात पहिला टीव्ही आला त्या सुमाराला घर सरकारनं घेतलं. जुन्या इमारती सांभाळणारं खातं असतं म्हणे. दारात निळी पाटी लावली आन जीपमधून एक साहेब आले. तरुण होते, चांगले बोलायचे.

"भाऊ, आता हे घर संरक्षित आहे," माझ्या घरवाल्यांना म्हणाले. "इथला खडासुद्धा हलवायचा नाही. काही काढायचं नाही, काही तोडायचं नाही. तुम्हीच राखण करा. मी पावसाळ्यात बघायला येईन. कुठं गळताना दिसलं तर मात्र मला दुसरा माणूस ठेवावा लागेल."

घरवाले चार बुकं शिकलेले. पाटी त्यांनी मला पहिल्या अक्षरापासून वाचून दाखवली. रोज सकाळी फडक्यानं पुसायचे. वाटेनं जाणारे हसायचे, "कारे भाऊ, देव बसाडा का तठे? नारळ फोडू का?"

अखाजी झाली. हे पावडं घेऊन शिडीच्या पहिल्या पायरीवर बसून राहिले. दुपार झाली तरी उठेनात.

"काय व्हयनं?" मी विचारलं.

"खडा बी हालाडानं नही म्हने साहेब. मंग माती कशी काढू?"

"काढू नका. वरथीन नवी टाका. टाकाले कोठे नही म्हने तो?"

"आबा म्हनेत, पहिले काढा."

"आबा गयात. साहेब जित्ता शे."

त्यांना हसू आलं. म्हणाले, "तू कोर्टात पाहिजे व्हती." आन उठले. मला तेव्हा बरं वाटलं होतं, आपलं डोकं चाललं म्हणून. खोली गेली तर दोन पोरी आन म्हातारी घेऊन कुठं जाणार, हेच माझ्या मनात.

खाणीवरून गाडीनं माती आणली. सासूबाई खाली पाट्या भरून द्यायच्या, मी शिडी चढायची, हे वर पसरायचे. पावसाळ्यात साहेब आले, दिवाणखान्यात वर बघत फिरले. एक थेंब नाही. घरवाल्यांच्या पाठीवर हात ठेवला. दुसऱ्या वर्षी तसंच, तिसऱ्या वर्षी तसंच. चौथ्या वर्षी मधला दरवाजा लागेना. हे म्हणाले, लाकूड फुगलं. मंग मला रोज सकाळी खांबाच्या बुडाशी बारीक पिवळा भुसा सापडायला लागला. मी झाडायची, दुसऱ्या दिवशी परत तेवढाच. एक तुळई मधोमध खाली आली होती, गाभण म्हशीच्या पोटासारखी. यांनी खात्याला पत्र लिहिलं. उत्तर आलं, योग्य ती कार्यवाही होईल. आम्ही ते पत्र डब्यात जपून ठेवलं आन चौथ्या वर्षाचीही माती चढवली.

श्रावणात सात दिवस झड लागली. आठव्या दिवशी उघडलं, चांगलं ऊन पडलं. सगळ्या गावानं गोधड्या बाहेर काढल्या. हे म्हणाले, आत कुबट वास येऊन राहिला, खिडक्या उघडून येतो. मी गोधडी झटकत होते. आवाज असा झाला की कोणी दगडाची गाडी उलटी केली. वळून बघितलं तर सगळ्या खिडक्यांतून धूळ बाहेर येऊन राहिलेली.

गाव धावत आलं. हातानं, घमेल्यानं माती काढली. ज्याला हात लावायचा नाही म्हणून आम्ही चार वर्षं भ्यालो, ती सगळी माती तासा-दोन तासांत अंगणात आली. हे सापडले तेव्हा जिवंत होते. कमरेखाली काही उरलं नव्हतं. तोंडातली माती मी पदरानं काढली.

"साहेबले काय सांगसूत?" एवढंच म्हणाले.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून जळगावला निघालो. एरंडोल ओलांडायच्या आधीच डोकं माझ्या मांडीवर जड झालं. ट्रॅक्टरवाल्याला मी लगेच सांगितलं नाही. थोडं पुढे गेल्यावर म्हटलं, फिरव.

तेराव्यानंतर साहेब आले. संगं एक इंजिनियर. उभ्या राहिलेल्या कोपऱ्यावर त्यांनी टेप लावला. इंजिनियर म्हणाला, "चार वितींच्या वर माती आहे. एवढं वजन कोणतं लाकूड घेईल?" माझ्याकडं वळून विचारलं, "एवढी कोणी टाकली?"

"आम्हीच."

"जुनी काढत नव्हते का? पद्धत तर ती असते."

"सासरे काढायचे. तुम्ही पाटी लावली, मंग बंद केलं. साहेब म्हणाले होते, खडा हलवायचा नाही."

इंजिनियर साहेबांकडं बघायला लागला. साहेब पाटीकडं. मंग साहेब ओट्यावर बसले, कागद काढला. हळू म्हणाले, "अक्का, मातीचं लिहिलं तर राखणदाराची चूक होते. तुम्हाला काही मिळणार नाही. खोली सोडावी लागेल. मी अतिवृष्टी लिहितो. चालेल?"

त्यांनी माझ्यासाठी लिहिलं का स्वतःसाठी, ते मी तेव्हाही विचारलं नाही. त्यांचीही नोकरी होती. मला दोन पोरी होत्या. म्हटलं, लिहा. अंगठा दिला. शाई लुगड्याला पुसली.

ते गेल्यावर सासूबाईंनी विचारलं, "काय लिखं त्या कागदवर?"

"पाऊसमुये पडनं, असं."

म्हातारीचे डोळे कमी झाले होते, डोकं नाही. म्हणाली, "त्या दिन ते ऊन पडेल व्हतं."

मी चुलीपुढं बसले. इतके दिवस तोंडातून न निघालेलं तिथं निघालं. म्हटलं, "आत्याबाई, वर माती टाका असं मी म्हटलं होतं. हे नाही म्हणत होते."

म्हातारी उठली. भिंतीला हात लावत माझ्याजवळ आली, बसली. मंग म्हणाली, "पाट्या ते मीच भरी दिन्ह्यात. बठ्ठ्या, एकूनएक."

पोरी भुकेल्या होत्या. मी पीठ घेतलं, तिनं चूल फुंकली.