फांदीच्या टोकाशी

एखादी गोष्ट जगात आहे, एवढ्यावर आमच्या साडूभाऊंचं कधीच समाधान झालं नाही. ती नेमकी कुठे आहे, हे त्यांना लागतं. पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरला, तर तो वरच राहिला की खाली उतरला, हे चमच्याने उकरून बघतात, तोवर पोहे गार. मेंदूच्या पेशी काचेच्या वाटीत वाढवायच्या आणि एक प्रथिन त्यांत कुठे बसतं ते शोधायचं, ही त्यांची नोकरी. ते पेशीच्या फांद्यांच्या टोकाशी बसतं, हे आमच्या बायकांनाही एव्हाना पाठ झालंय. इंदूरच्या पलासियात आपली स्कूटर कुठे लावली, हे मात्र त्यांना कधी सांगता आलं नाही, म्हणून त्यांची ने-आण माझ्याकडे. पेशींना सणवार नसतो. त्यांचं पोषक पाणी वेळेवर बदलावं लागतं आणि त्यासाठी मला दिवाळीच्या फराळावरून उठावं लागतं. खरं सांगतो, मी थकलो होतो.

यंदा रंगपंचमीला सारं इंदूर रस्त्यावर असताना आम्ही गल्लीबोळांतून भंवरकुआं गाठलं. "गुलाल लागला असेल तो बाहर ही थांबा, भिया," प्रयोगशाळेच्या दारात त्यांनी मला बजावलं. लवकरच ते निवृत्त होणार होते आणि त्याआधी त्यांना आपला शोध पक्का करायचा होता. त्यांची रीत अशी: आधी अँटीबॉडी घालायची, ती प्रथिनाला चिकटते; मग चमकणारा हिरवा रंग, तो अँटीबॉडीला चिकटतो. पडताळणीसाठी एका वाटीत अँटीबॉडीशिवाय नुसता रंग घालायचा. ती अंधारीच राहिली, तर शोध खरा. पेशी नेहमीच जेमतेम, म्हणून ही वाटी दरवेळी राहून जायची. या वेळी त्यांनी ती केली होती.

ती वाटी बघताना मायक्रोस्कोपवरून ते बराच वेळ उठले नाहीत. मग म्हणाले, "जरा तुम्ही देखो. टोकाला हिरवं दिसतंय?"

दिसत होतं. नाही म्हणावंसं फार वाटलं. "हो," मी म्हणालो.

"मतलब रंग आपणहूनच चिकटतोय तिथे. प्रथिन कुठे आहे, मला माहीत नाही."

"ही वाटी कुणी पाहिलीय? राहू द्या ना."

"मी पाहिली ना, भिया."

मला फार वाईट वाटलं. परतताना पोहे घेतले. ते त्यांनी न उकरता खाल्ले. घराशी उतरल्यावर म्हणाले, "गुरुवारी जमेल? बाकीच्या पेशींचं पाणी बदलायचंय."

"आता कशाला?"

"मी चुकलो, ते त्यांना कुठे ठाऊक? भूक तर लागेलच."

गुरुवारी मी वेळेआधीच स्कूटर घेऊन त्यांच्या दारात उभा होतो.