ठोकळा कोण धरणार

बसचा पत्रा कसा जोडतात हे बसमध्ये बसणाऱ्याला कधीच दिसत नाही. बाहेरून एक माणूस भोकात रिबीट घालतो आणि हवेच्या गनने तिच्या डोक्यावर धडाधड मारतो. आतून दुसरा माणूस लोखंडी ठोकळा तिच्या शेपटाला दाबून धरतो. शेपूट ठोकळ्यावर चेपलं की रिबीट बसली. बाहेरच्याला मिस्त्री म्हणतात, त्याचं नाव होतं, उन्हाळ्यात पंखाही त्याच्याच बाजूला लावतात. आतल्याला काहीच म्हणत नाहीत. बसबांधणीच्या त्या कारखान्यात मात्र ठोकळा धरणारी एक बाई होती, आणि तीस वर्षं सगळे तिला 'आतली' म्हणत आले.

बाहेरचा मिस्त्री म्हणजे तिचा नवराच. गनच्या आवाजात बोलायची सोय नव्हती, म्हणून दोघांचं सगळं बोलणं ठोकळ्याच्या टकटकीवर चाले. आतून पत्र्यावर एक टक म्हणजे आणखी मार. दोन टक म्हणजे बसली. तीन म्हणजे बिघडली, काढून टाक. बाहेरच्याला आतलं काही दिसत नाही, तेव्हा सगळा भरवसा आतलीवर. तीस वर्षांत तिने एकदाही खोटे दोन टक दिले नाहीत. हे तिने कधी कुणाला सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं.

दोघं निवृत्त झाली त्याच वर्षी तिचे वडील गेले. वडील तलावावर फेरी चालवायचे. चौदा माणसांची अ‍ॅल्युमिनियमची मोटरबोट, मागे जुनं धूर ओकणारं इंजिन, आणि पलीकडच्या वस्तीतली माणसं, त्यांची आजारी पोरं, पोती, शिलाई मशीन, काय वाटेल ते. वडिलांमागे बोट धक्क्याच्या वर गवतात पडली आणि पलीकडच्या माणसांच्या नशिबी दोन तासांचा वळसा आला. परवान्याचा नियम सरळ होता: दोन वर्षं फेरी बंद राहिली तर धक्का दुसऱ्याला. तो दुसरा म्हणजे एक ठेकेदार. त्याला सहलीच्या बोटी फिरवायच्या होत्या, पलीकडच्या पोत्यांशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. दोन वर्षं पुरी व्हायला अडीच महिने उरले होते.

"भंगारवाला सोमवारी येतोय," थोरल्या भावाने तिला सांगितलं.

"मग त्याला चहा पाज आणि परत पाठव, दादा. बोट मी घेते."

"तू? तुला पोहता तरी येतं का?"

"बोट चालवायची आहे मला. पोहायची वेळ आली तर काम वाईट झालं असं समज."

पहिल्याच आठवड्यात तिने हसं करून घेतलं. बोट लाकडी घोड्यांवर उभी केली आणि नळी लावून तिच्यात बाकांच्या खालपर्यंत पाणी भरलं. धक्क्यावरच्या रिकामटेकड्यांना तेवढंच हवं होतं. बाहेरचं पाणी आत येऊ नये म्हणून हिने आतच भरून ठेवलं, असं सगळीकडे झालं. आतली खाली उताणी पडून थेंब कुठून गळतात ते पाहत होती आणि प्रत्येक थेंबाभोवती लाल तेलकट खडूने गोल काढत होती. एकशे त्रेसष्ट गोल झाले. तेवढ्या रिबिटी ढिल्या होत्या, आणि पत्रा मात्र अजून खणखणीत होता. कारखान्यात याहून वाईट पत्र्याच्या बसगाड्या तिने रस्त्यावर जाताना पाहिल्या होत्या.

मागच्या पत्र्याला इंजिन अडकवायची जी जाड फळी असते, ती आतून भिजलेल्या बिस्किटासारखी झाली होती. तिने ती उकरून काढली, नवी कापून घेतली, चारी कडा राळेने बंद केल्या. जुनं इंजिन पार जाम झालेलं, ते विकून टाकलं आणि फंडातले पैसे घेऊन नव्या इंजिनाच्या दुकानात गेली. तिथला मेकॅनिक बोलायला गोड होता.

"चाळीस हॉर्सपॉवरचं घ्या, मावशी. आणि घरी मिस्त्रींना एकदा विचारून या."

"मिस्त्री बसचे. बोट माझी. तिच्या पाठीवर पट्टी आहे, पंचवीसच्या वर नको असं लिहिलंय. चाळीसचं लावून मागची फळी तुमच्या दारात आणून टाकू का?"

तिने वीसचं घेतलं. मेकॅनिकच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण इंजिन त्याने मुकाट्याने टेम्पोत चढवून दिलं.

आता उरल्या रिबिटी. हल्ली जो तो एका हाताने ओढायच्या पोकळ रिबिटी वापरतो. खिडकीला त्या ठीक, पाण्याखाली त्या आज ना उद्या गळणारच. भरीव हवी, आणि भरीव म्हटलं की दोन माणसं. कारखान्याच्या स्टोअरकीपरने जुनी गन आणि कॉम्प्रेसर वापरायला दिला. पण ठोकळा कोण धरणार?

मिस्त्री ओट्यावर बसून होते. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, तरी बारीक काही दिसत नव्हतं.

"मला गन नीट टेकवता येणार नाही," ते म्हणाले. "संपलं ते."

"गन मी धरते. तुम्ही आत जा."

"मी? आत?"

"आत डोळे लागत नाहीत. तीस वर्षं मी बोटांनी चाचपूनच केलं."

मिस्त्री तीन दिवस बोलले नाहीत. चिडले की ते नखं कापायचे, तिसऱ्या दिवशी कापायला नखं उरली नाहीत. आतलीने त्यांची मनधरणी केली नाही. ती एकटीच जुन्या रिबिटी ड्रिलने काढत राहिली. चौथ्या दिवशी सकाळी ते बोटीपाशी येऊन उभे राहिले आणि तिचा कारखान्यातला, चुऱ्यापासून डोळे वाचवायचा जुना चष्मा कुठे आहे म्हणून विचारलं.

बोट आता पालथी घातली होती. मिस्त्री तिच्याखाली सरपटत गेले. आतलीने पहिली रिबीट घातली, गन टेकवली आणि घोडा दाबला.

"इथे काळोख आहे," आतून आवाज आला.

"असतो."

"चुरा पडतोय तोंडावर."

"पडतो."

"कानठळ्या बसतायत गं."

"माझा डावा कान कशाने गेला असं वाटलं तुम्हाला?"

त्यावर आतून एक टक आला. आणखी मार.

स्वतः मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही म्हणतात. दुपारी मिस्त्री बाहेर आले तेव्हा केसांत चंदेरी भुगा होता, आणि चहाचा कप धरायला हात वर येत नव्हता.

"इतक्या वर्षांत तू कधी बोलली नाहीस," ते म्हणाले.

"तुम्ही कधी वाकून पाहिलं नाहीत."

हे म्हणताना तिला राग आला, चांगला सणसणीत आला. तीस वर्षं तिला वाटत होतं की आपल्याला राग आलेलाच नाही. तिने उरलेला चहा ओतून टाकला आणि गन उचलली. संध्याकाळपर्यंत एकोणीस रिबिटी बसल्या.

तीन आठवडे चाललं. मुदतीला एक दिवस उरला असताना बोट पास करायला सरकारी तपासनीस आला. भाऊ आला, ठेकेदाराचा मॅनेजर आला, पलीकडची वीसेक माणसंही वळसा घालून आली आणि गवतात बसली. तपासनिसाने बोटीत पाणी भरायला लावलं. आता कुणी हसलं नाही. सगळे वाकून तळ बघत होते. पंधरा मिनिटं कोरडी गेली. मग मागच्या बाकाच्या कोपऱ्यात, बाजूच्या पत्र्यावर, एक थेंब जमला, फुगला आणि पडला.

"थेंब म्हणजे थेंब," तपासनीस म्हणाला. मॅनेजर घड्याळ बघून हसला.

आतली त्या रिबिटीकडे बघत राहिली. डोकं सरळ बसलेलं, कडेला ओरखडा नाही. बाहेरून तिच्यात काही खोट नव्हती.

"ती माझी," मिस्त्री म्हणाले.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"शेवटची होती. कोपऱ्यात हात पोचत नव्हता, पाठ भरून आली होती. शेपूट तिरकं बसलं ते बोटाला कळलं मला. तरी मी दोन टक दिले." ते तपासनिसाला सांगत होते, पण बघत होते तिच्याकडे. "हिने असं एकदाही केलं नाही. तीस वर्षांत एकदाही. नाहीतर माझं नाव कसलं झालं असतं?"

आत्ता रडले तर मॅनेजरला बरं वाटेल म्हणून आतली रडली नाही.

"साहेब, तुमची बस कितीची?" तिने विचारलं.

"चारची."

"आत्ता दीडच वाजलाय. बसा."

पाणी काढलं. तिने रिबीट ड्रिलने उडवली आणि नवी घातली. मिस्त्री बोटीत चढले, बाकाखाली अंग चोरून शिरले. गन वाजली. एक टक. पुन्हा मारलं. एक टक. पुन्हा मारलं. मग तीन टक. भाऊ कपाळाला हात लावून म्हणाला, "अहो, आता पुरे करा की." तिने ती उडवली, एका मापाने जाड घेतली. एक टक. एक टक. एक टक. मिस्त्री घाई करत नव्हते. मग अगदी सावकाश, दोन.

पुन्हा पाणी भरलं. तपासनिसाने त्या कोपऱ्यावरून कोरडा रुमाल फिरवला, अर्ध्या तासाने परत फिरवला, आणि रुमाल घडी करून खिशात ठेवला.

"दुरुस्ती कुणाच्या नावावर लिहू? मिस्त्री, तुमच्या ना?"

"तिच्या. मी आत होतो."

साडेतीन वाजता बोट पाण्यात गेली. पलीकडची बारा माणसं पिशव्या सांभाळत चढली, बाकीची दुसऱ्या फेरीला थांबली, भाऊ धक्क्यावर उभा राहिला, मॅनेजर केव्हाच निघून गेला होता. आतली मागे दांडा धरून बसली. इंजिन नीट चाललंय की नाही हे तिला उजव्या कानाने अर्धवट आणि तळहाताने पूर्ण कळत होतं. मिस्त्री पुढच्या टोकाला, तिच्याकडे पाठ करून बसले होते. जाताना ठोकळा त्यांनी बरोबर का घेतला, हे तिने विचारलं नव्हतं.

धक्का मागे पडला तसा त्यांनी तो बोटीच्या काठावर टेकवला आणि वाजवला. पत्र्यातून तो हादरा तिच्या बुडापर्यंत आला. एकच टक.

तिने इंजिनाला आणखी वेग दिला.