जीपमधलं घरचं बटन

...तर लालमहंमदनं जीपच्या डॅशबोर्डाखाली कोपरापर्यंत हात घातला आणि ओढून काय बाहेर काढलं म्हणता? काल इथवर आलो आणि जेवायची हाक आली. तर बाहेर आली घरातली वायर! लाल-पिवळी, पीळ घातलेली, मांडवात बल्ब टांगायला वापरतात तीच. एक टोक थेट बॅटरीला, दुसरं हेडलाइटला, आणि मधे स्टिअरिंगच्या शेजारी काळं खटक्याचं बटन, स्वयंपाकघराच्या भिंतीवर असतं तसलं, लाकडाच्या पट्टीवर बसवलेलं. फ्यूज नाही, काही नाही. वायर मधोमध वितळून जळक्या गुळासारखी चिकट झालेली.

"लक्ष्मणराव," लालमहंमद तिथूनच ओरडला, "ही जीप हाय का माजघर? एक पंखा बी टांगायचा व्हता की!"

जीपचे मालक लक्ष्मणराव नुसते खाकरले. औशाच्या पलीकडचं त्यांचं गाव, आणि जीप म्हणाल तर त्यांच्या थोरल्या लेकाएवढी जुनी. मागच्या बाकावर त्यांच्या मंडळी नागाबाई पदर सावरून बसल्या होत्या. त्या मुद्दाम आल्या होत्या, आणि रिकाम्या हातानं परत जाणार नव्हत्या.

गोष्ट अशी होती, की त्यांची नात अयोध्या लातुरात बारावीला होती. भूकंपाला सहा-सात वर्षं झाली होती, आणि लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघाले होते. जिथं काल पेंडीची पोती रचलेली असायची तिथं आज फळा टांगलेला. नांदेडकडची, बीडकडची पोरं खोल्या करून राहायची. अयोध्याला केमिस्ट्रीच्या क्लासात जागा मिळाली ती नेमकी संध्याकाळच्या तुकडीत. ती सुटायच्या आधी गावची शेवटची एसटी निघून जायची. मग राहिली आजोबांची जीप. पण जीपचे दिवे असे, की समोर म्हैस आली तर म्हशीनंच आवाज द्यावा. लक्ष्मणरावांनी आपल्या हातानं मोठे हॅलोजन बल्ब आणून बसवले, तर पहिल्याच फेरीत धूर निघाला. तेव्हापासून नागाबाईंनी एकच धरलं होतं, "उजेड माझ्या डोळ्यांनी बघितल्याबगर पोरगी धाडणार न्हाई. क्लास बुडाला तर बुडाला." आणि सोमवारी क्लास सुरू होणार होता.

म्हणून जीप आली लालमहंमदकडे. आता हा माणूस कसा, ते सांगायलाच हवं. गडी मूळचा नांदेडचा. मामूच्या हाताखाली वायरिंग शिकला ते अर्धापूरच्या केळीच्या ट्रकांवर. केळीचा माल थांबत नाही, रात्रभर पळायचं, त्यामुळे ड्रायव्हर लोक दिव्यांच्या बाबतीत नवरीच्या आईपेक्षा चिकित्सक. लग्न झाल्यावर सासुरवाडी म्हणून लातूरला आला आणि डाळमिलच्या मागं दुकान टाकलं. दुकान कसलं, चार पत्रे. पण मिलची मागची चुन्याची भिंत त्यानं जणू आंदण घेतली होती. त्या भिंतीवर कोळशानं रेघा मारलेल्या, गाडी समोर लावायची आणि उजेड रेघेवर आणायचा. मिलच्या मालकानं एकदा भिंत रंगवायला काढली, तर लालमहंमदनं रंगाऱ्यांना चहा पाजून पाजून तेवढा तुकडा सोडवून घेतला.

आणि त्याची एक मुलखावेगळी रीत. काम झालं की तो गाडीच्या मालकाला दिव्यांसमोर बुटक्या स्टुलावर बसवायचा आणि डोळ्यांवर दिवे लावायचा. म्हणायचा, "आता तुम्ही समोरून येणारे सायकलवाले. सांगा, दिसून राहिलं का आंधळे होऊन राहिले?" डिपरवर, म्हणजे खाली झुकवलेल्या उजेडावरही, डोळे मिटले तर पुन्हा पाना हातात. मोठमोठ्या आडतवाल्यांना त्यानं त्या स्टुलावर बसवलं होतं. तोंड तर क्षणभर मिटायचं नाही. वायरशीसुद्धा बोलायचा, "आ जा बेटा, इकडं नक्को जाऊ."

तर त्या दिवशीही बोलता बोलताच त्यानं पक्कड घेतली आणि ती लाल-पिवळी वायर कच्चकन तोडली. बटनाला स्क्रू-ड्रायव्हर लावला.

"हात काढ!" लक्ष्मणराव असे गरजले, की पलीकडचा पंक्चरवाला उठून उभा राहिला. "बटनाला हात लावायचा न्हाई. दिवे नीट कर, न्हाईतर राहू दे. जीप घेऊन चाललो मी."

"अहो, पण ह्या बटनानंच तर आग लागून राहिली व्हती! एवढा करंट ह्या खटक्याच्या बापानं बघितला न्हाई. असला गाढवपणा केला कुणी?"

"मी केला. चल गं, बस नीट."

आता बसलेली बाई आणखी किती नीट बसणार! पण लक्ष्मणराव खरंच किल्ली चाचपायला लागले. म्हणजे दिवे गेले, संध्याकाळचा क्लास गेला आणि पोरीची केमिस्ट्रीही गेली. तेव्हा नागाबाई खाली उतरल्या.

"भाई," त्या म्हणाल्या, "ह्यांच्यावर चिडू नका. भूकंपाच्या त्या पहाटे घर पडलं, तवा जीप अंगणात धड उभी. पर दिवे किल्लीवर, आन् किल्ली आत खुंटीला. आत्याबाई, ह्यांची आई, वाश्यांखालून हाका मारून राहिल्या, आन् आम्ही नुसतं हातानं चाचपून राहिलो. उजाडल्यावर सापडल्या. हात मोडला व्हता, जीव वाचला. तवापासून जीप दाराकडं तोंड करून लावतेत. ते बटन कुणीबी दाबावं, पोरासोरांनी, म्हाताऱ्यानं. किल्ली नको, काय नको. मी रोज तुळशीपुढं दिवा लावते आन् मग जाऊन ते बटन एकदा दाबून बघते. लागलं की मगच ह्यांना जेवण जातंय."

लालमहंमद गप्प झाला. दुकान टाकल्यापासून पहिल्यांदाच, असं पंक्चरवाला पुढं सगळ्यांना सांगत असे. त्यानं तोडलेल्या वायरीची दोन्ही टोकं बोटांत फिरवली. मग लक्ष्मणरावांच्या हातातून किल्ली हळूच काढून घेतली आणि आपल्या खिशात टाकली.

"बटन तुमचं," तो म्हणाला. "वायर माझी. मंजूर?"

"म्हंजे?"

"म्हंजे आजपासून बटनानं नुसता हुकूम सोडायचा. वझं दुसरा उचलंल." त्यानं काड्यापेटीएवढी एक डबी दाखवली. "ह्ये रिले. बॅटरीजवळ बसतंय. खटका दाबला की ह्ये आतून जोडतंय, आन् करंट ह्या जाड वायरनं सरळ दिव्याला. खटक्यापर्यंत येतच न्हाई. किल्ली नसली तरी चालंल. फक्त मधी फ्यूज टाकणार, त्याला न्हाई म्हनायचं न्हाई."

लक्ष्मणरावांनी त्या डबीकडे आणि मग बटनाकडे बघितलं. "लागंल नक्की?"

"न्हाई लागलं तर तुमच्या अंगणात दाराकडं तोंड करून मी उभा राहतो."

लक्ष्मणराव हसले नाहीत, पण दगडावर जाऊन बसले. म्हणजे मंजूर.

मग काम चाललं. जुनी पिवळी पडलेली काच गेली, नवे दिवे आले, अर्थिंगची गंजलेली जागा घासून चकचकीत झाली. तोंडही पुन्हा सुरू झालं. दिवेलागणीला जीप भिंतीसमोर लागली. लालमहंमदनं दोन्ही दिवे रेघेवर आणले आणि स्टूल मांडलं. लक्ष्मणराव पुढं झाले तर म्हणाला, "तुम्ही नक्को. ज्यांना खातरी पाहिजे त्यांनी बसायचं."

नागाबाई स्टुलावर बसल्या. डिपर लागला, डोळे उघडेच. मग त्या स्वतः उठून जीपमध्ये गेल्या आणि किल्लीबिगर ते काळं बटन दाबलं. अख्खी भिंत दुधासारखी उजळली, भिंतीवरची पाल पळाली, आणि लक्ष्मणरावांनी टोपी काढून कपाळ पुसलं.

नागाबाईंनी बटन दोनदा बंद-चालू करून बघितलं. बटनाजवळची पट्टी हाताला गार लागली. तरी त्यांच्या कपाळावरची आठी सुटेना.

"भाई, खरं सांगा," त्या म्हणाल्या. "सोमवारी पोरीला धाडू का?"

"धाडा की वहिनी. पहिल्या दिवशी मीच येतो संगं, मागच्या बाकावर बसून. रस्त्यात दिवे गेले तर कंदील घेऊन जीपच्या पुढं पळतो, आन् न्हाई गेले तर तुमच्याकडं जेवून मुक्काम करतो."