उद्यापासून संच

गिरण्यांचा संप चिघळला होता, आणि त्यातच आमच्या शाळेत नवीन गणित आलं. कुणाला हौस होती कोण जाणे! पाढे घोकवण्यात हयात गेलेल्या शिक्षकांना आता 'संच' शिकवायचे होते. प्रशिक्षणात एका गृहस्थांनी फळ्यावर महिरपी कंस काढला, त्यात आंबा, फणस, काजू लिहिले आणि म्हणाले, हा फळांचा संच. मग कंसात काहीच न लिहिता म्हणाले, हा रिक्त संच. एवढ्यावर चहा पाजून आम्हाला घरी धाडलं.

मी गिरगावची, लालबागच्या त्या शाळेत नुकतीच लागलेली. चौथीचा वर्ग होता, पण नोकरी कायम व्हायची होती. "उद्या तपासणीला येणारे साहेब तुमचाच गणिताचा तास बघणार. त्यांच्या शेऱ्यावर तुमचं सगळं," मोठ्या बाईंनी बजावलं.

शाळा सुटताना मी वर्गाला सांगितलं, "उद्यापासून आपला संच, बरं का!" नेमका तेव्हाच खालून गिरणी कामगारांचा मोर्चा चालला होता. त्या घोषणांत माझा 'च' कुठे गेला देव जाणे. आणि गिरणगावातली पोरं ती, त्यांच्या कानांना सवय भलत्याच शब्दाची.

दुसऱ्या दिवशी वर्गात चिटपाखरू नाही. खाली धावले तर फाटकाशी माझ्या वर्गातल्या पोरांचे बाप उभे. त्यांतला एक धिप्पाड मालवणी विणकर पुढे झाला.

"बाई, संप तुमी पुकारलात आणि तुमीच आत? घाबरू नकात. चौथीतला एक पोर आत सोडूचंव नाय. मागण्यो काय त्या सांगा, आमी आसंव."

मी तोंड उघडणार तेवढ्यात साहेबांची टॅक्सी आली. वाटाघाटींना कुणी आलंय असं समजून सगळ्यांनी त्यांना अदबीने वाट करून दिली.

साहेबांनी वर्गात पाऊल टाकलं. नुसती बाकं. "मुलं कुठायत?" मोठ्या बाईंचा चेहरा पांढराफटक.

"साहेब, हा रिक्त संच," मी म्हणाले. कशी म्हणाले, मला आजही कळत नाही.

साहेब बाकांकडे बघत राहिले. मग असे हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. शेरा लिहिला, 'प्रत्यक्ष उदाहरणातून अध्यापन. उत्तम.' मी कायम झाल्यातच जमा होते.

मी जवळजवळ नाचतच फाटकाशी गेले. "अहो, संप नव्हे, संच! नवीन गणित आहे ते!" सगळे खो खो हसले. विणकर तेवढा हसला नाही.

"म्हणजे संप नायच?"

"नाही हो."

"आमका वाटला, ह्यो तरी जिंकतलंव," तो म्हणाला, आणि लेकीला शाळेत आणायला चाळीकडे वळला.