नानांचं विरजण

दर्पण कॉलनीतल्या वनमालाबाईंनी बिअरचा थेंब कधी जिभेवर घेतला नाही, आणि यजमान, नाना, घरी बिअर करतात हे नऊ वर्षं शेजारणींना कळू दिलं नाही. रसायनशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाला दुसरा उद्योग सुचू नये? दाल बाज़ारातून जव आणायचे, मोड आणून गच्चीवर वाळवायचे, काढा उकळायचा, त्यात यीस्ट सोडून पिंप जिन्याखाली ठेवायचं. मग आठवडाभर नळीतून गुडगुड. "बंद करा हो ती गुडगुड," बाई करवादायच्या. बिअर बाटल्यांत भरली की तळाचा पांढुरका गाळ नाना बरणीत काढून फ्रिजमध्ये जपत. पुढच्या खेपेला तोच. "विरजणच गं हे," ते सांगत. "नऊ वर्षांपूर्वी एक पुडी आणली होती, तिच्यावरच चाललंय."

फेब्रुवारीत नाना गेले. पाहुणे पांगले आणि घर खायला उठलं. एक दिवस लोणच्याच्या मागे ती बरणी हाताला लागली, तशा बाई फ्रिजचं दार उघडं टाकून रडल्या. नानांच्या हातचं जिवंत असं तेवढंच उरलं होतं.

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी समरजीत आला. दर रविवारी नानांना पिंप उचलू लागणारा त्यांचा जुना विद्यार्थी. हातात रिकामी बाटली.

"काकू, ज़्यादा दिन पडून राहिलं तर यीस्ट मरतं. आधं मला द्या, मी बनवत राहीन. कधी तुमचं बिघडलं, तर माझ्याकडून परत घ्या."

बोलणं शहाणपणाचं होतं. पण बाईंनी नुकताच देवापाशी दिवा लावला होता, आणि दिवेलागणीनंतर विरजण घराबाहेर द्यायचं नाही, ही सासूबाईंची शिकवण. "सकाळी ये, बाळा."

"काकू, हे काय दही थोडंच आहे!" तो हसला. सकाळी त्याला इंदूरला जायचं होतं. "ठीक आहे, आठ दिवसांनी येतो."

पण ते 'मरतं' बाईंच्या मनात रुतून बसलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी नानांची वही उघडली आणि उरलेल्या जवांचा काढा केला. नानांचा थर्मामीटर खणात होता. पन्नास वर्षं विरजण लावणाऱ्या बाईला तो कशाला? त्यांनी बोट बुडवलं. सोसलं. आता ही बोटं गॅसवरचा फुलका चिमट्याशिवाय उलटणारी, त्यांना काय सोसायचं नाही! बाईंनी अख्खी बरणी ओतली, वर ती विसळून ते पाणीही ओतलं.

मग जिन्याखाली खुर्ची टाकून त्या गुडगुडीची वाट पाहत बसल्या. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. पाचव्या दिवशी वहीचं पान उलटलं, तर मागे नानांनी लाल शाईत लिहिलेलं: 'काढा पूर्ण गार होऊ द्यावा. गरम काढ्यात यीस्ट मरते.'

आठव्या दिवशी सकाळी समरजीत तीच बाटली घेऊन दारात उभा. "काकू, अब तो सुबह है ना?"

बाईंनी त्याला हाताला धरून जिन्याखाली नेलं.

"तुझे कान तरुण आहेत रे. बघ, काही ऐकू येतंय का."

समरजीत गुडघ्यांवर बसला, पिंपाला कान लावला, आत गुडगुड नव्हती, तरी बराच वेळ त्याने मान वर केलीच नाही.