पोटगीची ज्वारी

घरातल्या पोरांना मी माझ्या फजित्या हौसेनं सांगतो. बैलांसकट नाल्यात पडलो ती, व्याह्यांच्या पंगतीत झोप लागली ती. ही एक मात्र आजवर गिळून होतो.

सातासमुद्रापलीकडे कुठंतरी लढाई जुंपली आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हाची गोष्ट. अमरावतीच्या बाजारात कालपर्यंत फाटक्या धोतरात फिरणारे जरीचे फेटे बांधू लागले. मलाही वारं लागलं. म्हटलं, यंदा सगळं वावर कापसाचं. बायको म्हणाली, "अन् खाऊ काय? सरकी?" तिला घरापुरत्या ज्वारीच्या चार ओळी हव्या होत्या. भांडण एवढंच. पण मी शहाणा, आणि माझी माय माझ्याहून शहाणी. ती रोज थोडं थोडं तेल ओतत राहिली, मी पेटत राहिलो, आणि एक दिवस पंचांपुढे जाऊन काडी मोडली. संसार मोडायला एक वाळकी काडी पुरते. मडकं फोडायलासुद्धा याहून जास्त जोर लागतो.

पंच मात्र माझ्याहून हुशार निघाले. त्यांनी पोटगी ठरवली. बाई पाट लावून दुसऱ्या घरी जाईपर्यंत दरसाल दोन पोती ज्वारी आणि एक लुगडं, अकोल्याजवळ तिच्या भावाच्या घरी, मी स्वतः नेऊन द्यायचं. ज्वारीही विकतची नाही, माझ्याच वावरातली. म्हणजे जिच्यापायी बायको घालवली, ती ज्वारी मी दरसाल न चुकता पेरत होतो. शेजारी बांधावरून ओरडायचा, "काबे, सोनं सोडून भाकर पेरून राहिला काय?"

खामगावला कापूस घेऊन जाताना अकोला वाटेतच. पहिल्या वर्षी मी पोती ओसरीवर आदळली आणि मागं न बघता निघालो. दुसऱ्या वर्षी पाणी प्यालो. तिसऱ्या वर्षी तिनं मूठभर ज्वारी हातावर घेतली आणि म्हणाली, "औंदा दाना बारीक हाय. पाणी कमी पडलं काय?" तेवढ्या बोलण्यावर मी वर्ष काढलं.

चौथ्या वर्षी ठरवलं, विचारायचंच. पंचांना दंड देऊ, जातीला जेवण घालू, पण परत चल म्हणू. एकटीनं चूल फुंकून मायही मऊ झाली होती. निघताना म्हणाली, "आन तिले." मी हिरवं लुगडं घेतलं आणि मूर्तिजापूरपासून काय बोलायचं ते बैलांना ऐकवत आलो. बैलांना सगळं पटलं होतं.

भावाच्या दारात गाडी सोडली. तो बाहेर आला, पण पोत्याला हात लावीना.

"भाऊजी... आता भाऊजी तरी कसं म्हनू तुमाले? बाईचा पाट लागला. पंधरा दिस झाले."

पाटाला वाजंत्री नसते, आमंत्रणं नसतात. चार माणसांत गुपचूप उरकतो. अमरावतीकडे मला कोण सांगायला येणार?

"मंग हे?" मी पोत्यांकडे बोट केलं.

"हे आता चालत नाई. पयल्या घरचा दाना दुसऱ्या घरी नेत नाईत. दोघांच्या देखत तिच्या तोंडून 'पोचलं' म्हनून घ्या, म्हंजे तुमी मोकळे."

तिचं नवं घर चार घरं सोडूनच होतं. ती आली. कडेवर त्या बिजवराचं आईवेगळं लेकरू, तिच्या पदराचं टोक तोंडात धरलेलं. मी तोंड उघडलं, पण बैलांना सांगितलेल्यातलं एक अक्षर आठवेना.

"पोचलं," ती साक्षीला बोलावलेल्या शेजारच्या दोन म्हाताऱ्यांकडे पाहत म्हणाली. "आजवरचं सारं पोचलं. पुढं काही नको." मग माझ्याकडे वळून, जरा हळू, मायबद्दल विचारलं, "आत्याबाई बऱ्या हायेत?"

"बऱ्या हायेत. अन् तू?"

"माह्यं चांगलं हाय. घरी जवारी पेरतेत." लेकरू कुरकुरलं, तशी ती त्याला थोपटत निघून गेली. लुगडं गाडीतच राहिलं. बाहेर काढायची हिंमतच झाली नाही.

खामगावहून परतताना मी अकोल्याचा रस्ता टाळला आणि अकोट-दर्यापूरकडून आलो. बराच फेर पडला. माय अंगणात वाट पाहत होती. तिनं वाकून गाडीत मागपर्यंत पाहिलं. मग म्हणाली, "उशीर कावून झाला?"

"बैल लंगडला."

बैल तिच्यासमोर चारी पायांवर ऐटीत उभा होता. माय आत गेली, वाटीत हळद आणि तेल कालवून आणलं आणि त्याच्यापाशी बसली.

"कोनता पाय?"

"डावा," मी म्हणालो.

आणि त्या धडधाकट पायाला ती कितीतरी वेळ तेल चोळत राहिली.