अ‍ॅडामावशीची कवळी

अ‍ॅडामावशीच्या कवळीवर मी बसलो तेव्हा माझ्या हातात वर्तमानपत्र होतं. फुकट मिळणाऱ्या कवळीचे यापुढे निम्मे पैसे आपल्यालाच भरावे लागणार, ही बातमी तिला वाचून दाखवायला मी आरामखुर्चीत टेकलो आणि खालून कडकन आवाज आला. उठून पाहतो तर रुमालात गुंडाळलेल्या तिच्या दातांचे तुकडे.

"वाच की पुढे," मावशी बोळक्या तोंडाने म्हणाली. "थांबलास कशाला?"

इंग्लंडातल्या बर्नली गावात मी तिचा भाडेकरू. ती कापडगिरणीत माग चालवायची, मी तिथेच कारकुनी करायचो. तिचे खरे दात लग्नात गेले. आमच्याकडे तेव्हा रीतच होती: जावयाला पुढे दातांचा खर्च नको, म्हणून बाप लेकीचे सगळे दात उपटून द्यायचा. आहेर म्हणून! पुढे मावशीने वारलेल्या आईची कवळी लावली. मावशी हसायची आधी, कवळी मागून यायची. मग महायुद्ध संपलं, आमचं, कामगारांचं सरकार आलं, औषधपाणी फुकट झालं आणि मावशीला जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या मापाचे दात मिळाले. त्या दिवशी ती सफरचंद खात गल्लीभर मिरवली होती.

"पैसे मी भरतो, मावशी. बसलो मी."

"बसलास तू, पण शब्द मोडला त्यांनी. फुकट म्हणाले होते ना? मग फुकटच घेईन. आता तू गप बस. नको, उभाच राहा."

पुढच्या महिन्यात खासदारसाहेब सभेला आले. आमच्याच पक्षाचे, मावशीनेच दारोदार हिंडून त्यांना मतं मिळवून दिलेली. हॉल विणकरांनी भरला होता. साहेब म्हणाले, कोरियात लढाई चालू आहे, तोफा हव्यात, तिजोरीत खडखडाट आहे, थोडी कळ सोसा. मावशी उठली. बोलायला गेली तर तोंडातून नुसती हवा.

"बाई, काही कळत नाही हो," साहेब म्हणाले.

मावशी बाकावर चढली, साहेबांकडे पाठ केली आणि आवाजच बंद केला. मागांच्या गोंगाटात आम्ही आवाजाने बोलतच नाही. एकाने ओठ हलवायचे, दुसऱ्याने ते वाचायचे. मावशीने अख्खं भाषण ओठांनी ठोकलं. हॉल आधी खुदखुदला, मग हसून लोळला, मग बाकं बडवायला लागला. साहेब एकटे कोरडे.

"काय म्हणतायत त्या?" त्यांनी अध्यक्षांना विचारलं.

अध्यक्षही विणकरच. कानापर्यंत लाल झाले. "म्हणतायत, तोफांना दात बसवलेत ते आमच्या तोंडातून काढून. पुढचं... राहू द्या, साहेब. बायकामाणसं आहेत."

टाळ्या पडल्या, कायदा जागचा हलला नाही. मावशी व्हिनेगर घातलेल्या वजडीवर राहू लागली. मांस तसंही रेशनवर, चावण्याजोगं होतंच काय! पण फळवाल्यापाशी सफरचंदांकडे बघून ती पुढे जायची, ते मला बघवेना. दवाखान्यात तिचा जुना साचा पडून होता. मी गुपचूप नवी कवळी करवली आणि वाढदिवसाला सफरचंदासकट पुढे ठेवली.

मावशीने डबी उघडली. दात उजेडात धरून बराच वेळ पाहिले. अंगठ्याने पुसलेही.

"पैसे कोणी भरले?"

"मी. घाल आता, मावशी, हट्ट पुरे झाला."

तिने डबी मिटून माझ्याकडे सरकवली.

"मग तूच घाल."